शून्याचे दहा ठोके

माळ्यावरचा काळा टेलिफोन आज सकाळी खाली काढला. ओल्या फडक्याने पुसला तेव्हा तळाशी आयटीआयची खूण दिसली. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बंगलोर. स्वातंत्र्याला वर्ष होतं न होतं तोच, १९४८ साली उभा राहिलेला सरकारी कारखाना. भोवतीच्या वसाहतीचं नावही किती गोड, दूरवाणीनगर!

तबकडीत बोट घालायचं, आकडा अडेपर्यंत ओढायचा आणि सोडायचा. स्प्रिंग तिला परत आणते. त्या परतीच्या वाटेवर तारेतला प्रवाह तुटतो, जुळतो. तीनाला तीनदा, शून्याला दहादा. ती घाईने परतू नये म्हणून आत इवलासा गव्हर्नर. तिकडे जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये अशा प्रत्येक ठोक्याला नंबर जोडणारा सिलेक्टर एकेक पायरी वर चढायचा. हे तंत्र ब्रिटनमधून आलं, पण त्यातली नजर आणि हात आपल्या कामगारांनी कमावले. पुढे नैनी, रायबरेली, पालघाट, मनकापूर असे कारखाने वाढत गेले.

कामगार आळशी म्हणून आयटीआय बसली, असं सर्रास बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. कंपनीचं मोठं गिऱ्हाईक एकच, टपाल व तार खातं. बनेल तो माल तिथे खपायचा. फोनचा अर्ज भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहणारा माणूस कारखान्याच्या हिशेबात गिऱ्हाईक नव्हताच. त्याची तक्रार बंगलोरला पोचवणारी तारच कुणी ओढली नाही.

मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली. जिथे शेकडो हात सिलेक्टर जुळवत होते, तिथे मोजके पुरू लागले. १९८४ मध्ये फोनची यंत्रं बनवायला खासगी कंपन्यांना मुभा मिळाली, १९९१ नंतर एक्स्चेंजचंही दार उघडलं. हक्काची मागणी गेली आणि निविदेत सर्वांत कमी भाव लावणाऱ्याशी गाठ पडली. हजारोंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाताला बसलेलं ते कसब त्यांच्याबरोबर घरी गेलं, याची हळहळ मला कंपनीच्या तोट्याहून जास्त वाटते.

कंपनी आजही आहे, दूरसंचाराचंच काम करते.

टेलिफोन टेबलावर ठेवला. तार केव्हाच तुटलेली. शून्यात बोट घालून तबकडी पार शेवटपर्यंत ओढली आणि सोडली. कर्र कर्र करत, जराही घाई न करता, ती जागेवर आली.