पायांखालची जागा

आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला आमच्या नर्सीत परतवारी भरते. पंढरपूरहून आलेली माणसं कयाधूकाठी येतात, नामदेवांच्या जन्मगावी डोकं टेकवतात आणि मगच वारी पुरी झाली असं मानतात. 1270 साली इथं जन्मलेल्या या माणसानं थेट पंजाबात घुमानपर्यंत मजल मारली. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एवढं करून शेवटचं मागणं काय, तर पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारातली पायरी व्हावं, येणाऱ्याजाणाऱ्यांची पायधूळ अंगावर पडावी.

आपण काय केलं? त्या पायरीवर आता कुणी पाय देत नाही. हात लावून, ओलांडून पुढं जातात. भक्तीच आहे ती, नाही कोण म्हणतं! पण ज्यानं पाय मागितले त्याला आपण नमस्कार देऊन टाकला.

मला ही पायरी आठवते ती मुंबईच्या लोकल स्टेशनात. 29 सप्टेंबर 2017, दसऱ्याचा आदला दिवस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर ऐन ऑफिसच्या वेळेला लोक थबकले, कारण बाहेर पाऊस कोसळत होता. मागून गाड्या माणसं ओतत होत्या. कुणाचं तरी फूल पडलं आणि ऐकणाऱ्यांनी ‘पूल पडला’ असं ऐकलं, असं तिथल्या एका साक्षीदारानं सांगितलं. 23 माणसं गेली, आणि पूल तर जागेवरच होता.

त्या जिन्याचा हिशेब जुना होता. तो परिसर गिरण्यांचा. कामगार आसपासच्या चाळींतले, भोंगा झाला की पायी निघणारे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले, आणि तिथं काम करणारी माणसं विरार-कल्याणहून लोकलनं येऊ लागली. पायांची संख्या बदलली, पायरीची रुंदी तीच राहिली. दुर्घटनेनंतर मात्र लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल उघडलासुद्धा. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते पाच महिन्यांत झालं! एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं.

घाटकोपरचंही तेच. जानेवारी 2014 मध्ये गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीत एक शाळकरी वयाची मुलगी पडली, दोन्ही हात गमावून बसली. त्यानंतर फलाट 900 मिलिमीटरच्या आसपास उंच करण्याच्या कामाला वेग आला. फलाट बांधणाऱ्याच्या मनात कुठला प्रवासी होता? बहुधा धडधाकट, मोकळ्या हातांचा, घाई नसलेला. असा माणूस सकाळी साडेनऊला मी तरी पाहिलेला नाही. नामदेवांनी पाय मागताना निवड केली नव्हती. चिखलाचे, भेगाळलेले, लंगडणारे, सगळेच त्यात आले.

रेल्वेला बोल लावणं सोपं आहे. पण त्या दिवशी मी एल्फिन्स्टनला असतो तर मीही पाऊस थांबेपर्यंत जिन्यावरच उभा राहिलो असतो. आजही भर गर्दीत, जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मी फोन काढतो.

नर्सीजवळच्या हिंगोलीहून आता जनशताब्दी थेट मुंबईला जाते, त्यामुळे दादरला आमच्याकडची माणसं उतरताना दिसतात. मागं मी उतरलो तेव्हा पुढं एक नऊवारीतली आजी होती, डोक्यावर बोचकं. पुलाच्या पहिल्या पायरीशी ती थांबली, वाकली, पायरीला हात लावून कपाळाला नेला. देवळाची सवय. मागचे चौघं एकमेकांवर आदळले. एकानं कचकचीत शिवी हासडली. दुसऱ्यानं काही न बोलता तिचं बोचकं उचललं आणि म्हणाला, “आजी, कठड्याकडनं चला.” ती मात्र बोचकं सोडायला तयार नव्हती. दोघं ते दोन्हीकडून धरून वर चढत गेले.