बेटावरचे बिऱ्हाड

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील घराघरांतून प्रवासाची खलबते सुरू होतात, आणि अलीकडे त्यांचा निकाल बहुधा एकाच बाजूने लागतो: उबदार समुद्रातले एखादे बेट गाठावे, तेथे हॉटेलाच्या खोलीऐवजी सबंध घर भाड्याने घ्यावे आणि चार-आठ दिवस आपले बिऱ्हाड थाटावे. मग कोणी अंदमानातील स्वराज द्वीपाचे नाव घेतो, कोणी लक्षद्वीपचे. इसाऱ्याची रक्कम, मुक्कामाची मुदत, खाटा किती, एसी चालतो की नाही, इंटरनेट मिळते की नाही, या साऱ्याची कसून चौकशी होते. जुहूच्या रहिवाशाने असा बेत आखावा, यात इतिहासाने केलेला एक विनोद आहे. कारण ज्या जमिनीवर बसून तो दुसऱ्या बेटाचा शोध घेतो, ती जमीन एके काळी स्वतःच बेट होती, आणि मुंबईतील श्रीमान लोक तिच्यावर नेमके असेच बिऱ्हाड थाटण्याचे मनसुबे रचीत होते.

एकोणिसाव्या शतकातील जुहू म्हणजे साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत पसरलेला, समुद्रसपाटीहून जेमतेम पुरुषभर उंच असा वाळूचा चिंचोळा पट्टा. उत्तर टोकाला भंडारी, आगरी व कुणबी यांची वस्ती होती, तर दक्षिण टोकाला कोळ्यांची. साष्टी आणि हे बेट यांच्यामधली खाडी ओहोटीला उघडी पडे, आणि तेवढ्या अवधीत पायी पलीकडे जाता येई. म्हणजे जुहूस जाण्याची वेळ प्रवाशाच्या मर्जीने न ठरता चंद्राच्या गतीने ठरे. कोकणपट्टीत या वेळेचा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास पाणी पुरते भरणार, आणि ओहोटीची वाट सकाळी नऊच्या आगेमागे शोधावी. ही वेळ रोज सुमारे दोन घटका पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असल्यामुळे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. अशा बेटावर मुक्कामाला जाणाऱ्याने आपला बेत पंचांग उघडून करावा हे ओघानेच आले, आणि समुद्राच्या वेळापत्रकापुढे आपले वेळापत्रक गुंडाळून ठेवण्याची ही सक्ती, हीच त्या मुक्कामातील विश्रांतीची पहिली पायरी होती, असे मला वाटते.

ही सक्ती दूर करण्याची पहिली भव्य तजवीज जमशेटजी टाटांनी केली. 1890 नंतरच्या दशकात त्यांनी जुहूस जमीन घेऊन बंगला बांधला. जुहूतारा येथे बाराशे एकर जमिनीचा विकास करावा, एकेक एकराचे पाचशे भूखंड पाडावेत, समुद्रकाठी विश्रामस्थान उभारावे, आणि माहीमचा बांधीव रस्ता सांताक्रूझपर्यंत वाढवून तेथवर सुगम वाट करावी, असा त्यांचा विचार होता. 1904 साली त्यांच्या निधनाने ती योजना बारगळली. तथापि तिच्या पोटात एक विसंगती होती, जी अशा प्रत्येक योजनेच्या पोटात असते. वाटेवाचून पाहुणा येत नाही, आणि वाट झाली की बेट उरत नाही. पुढे 1928 मध्ये जुहूस विमानतळ झाला आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले. समुद्राने आपला हक्क मात्र एकदम सोडला नाही: पावसाळ्यात ते मैदान चिखलाने भरून जाई, आणि विमानसेवेला आपला मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

हवापालटासाठी जुहूस आलेल्या पाहुण्यांत सर्वांत थोर पाहुणा 1924 सालचा. जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत सरकारने त्यांना बंदिवासातून मुक्त केले, आणि प्रकृती सुधारण्यासाठी ते नरोत्तम मोरारजी यांच्या जुहूच्या बंगल्यात येऊन राहिले. परंतु एप्रिलमध्येच त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचे संपादन पुन्हा हाती घेतले, आणि कायदेमंडळात शिरावे की न शिरावे या वादाचा निकाल लावण्यासाठी मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास तेथे येऊन पोहोचले. त्यांच्या कामाशी आपल्या कामाची तुलना करण्याचे धाडस कोणी करू नये; पण बेट माणसाला विश्रांतीची केवळ संधी देते, विश्रांती देत नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही. भाड्याच्या घरात इंटरनेट आहे ना, अशी खातरजमा करून घेणारा गृहस्थ आपली कचेरीच बरोबर नेत असतो.

तथापि जुहूचे बेटपण गेले म्हणून गळा काढण्यातही अर्थ नाही. जे आमराई-बंगल्यांच्या मालकांपुरते राहिले असते, ते आज सांताक्रूझ, पार्ले वा अंधेरी स्थानकावरून बसने येणाऱ्या कोणाचेही आहे. मुलाला खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहणारा मजूर तेथे कोणाच्या परवानगीने येत नाही. मूठभरांची विश्रांती गेली आणि लाखोंची संध्याकाळ आली, हा सौदा माझ्या मते तोट्याचा नव्हे. प्रश्न जुहूचा नाही. जी स्थळे अद्याप बेटे आहेत, त्यांचा आहे.

लक्षद्वीपचेच पाहा. छत्तीस बेटांपैकी वस्ती अवघ्या दहांवर. प्रवेशासाठी सरकारी परवाना लागतो, आणि पुष्कळांना तो जाच वाटतो. पण प्रवाळाच्या बेटावर गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा एक पातळ थर असतो. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते, आणि गावाची विहीर बिघडते. भाड्याच्या करारनाम्यात घराचा उल्लेख असतो, या थराचा नसतो. तेव्हा परवान्याला जाच म्हणण्याऐवजी, जुहूच्या खाडीने जे काम केले तेच आता सरकारी कागद करीत आहे, असे समजावे. बेत आखणाऱ्याने खाटा मोजण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी, यजमानाच्या चुलीवर जे शिजते ते खावे, भरती-ओहोटीच्या वेळा विचारून दिवस आखावा, आणि एखादा दिवस काहीच न ठरविता मोकळा ठेवावा. एवढेही ज्याला जाचक वाटेल त्याने खुशाल घरीच राहून संध्याकाळी जुहूच्या वाळूत फेरी मारावी. कारण आपण भाडे भरतो ते घराचे, आणि बेट कोणी कोणाला भाड्याने दिलेले नसते.