चिठ्ठीने ठरलेली शस्त्रक्रिया

संपूर्ण देहाच्या कल्याणासाठी देहाच्या एका अवयवाचा त्याग करणे नीतीला धरून आहे, हे तत्त्व ख्रिस्ती नीतिशास्त्रात फार पूर्वीपासून मान्य झालेले आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची मांडणी केली, आणि सडलेला पाय कापू द्यावा की नाही अशा विवंचनेत पडलेल्या कित्येकांना त्याचा आधार मिळाला. परंतु या तत्त्वात एक फट राहून गेलेली आहे आणि ती ईशज्ञानाने बुजणारी नाही. कल्याण होणार असेल तर अवयव कापावा, एवढेच तत्त्व सांगते. कल्याण खरोखर होणार आहे काय, हे मात्र ते सांगत नाही. ते शस्त्र हाती धरणाऱ्याला ठाऊक असते, असे आपण गृहीत धरतो.

स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत हे गृहीत किती महागात पडले, ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाने १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग एका जागी मूळ धरतो आणि तेथून क्रमाक्रमाने भोवताली पसरत जातो, अशी त्याची धारणा होती. तेव्हा जितके दूरवर कापावे तितके रोगाचे मूळ निश्चित उपटले जाईल, हा त्यावरून निघणारा सरळ निष्कर्ष. त्याच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सारे एकत्र काढले जाई. छाती खोलगट होई, त्वचेखाली बरगड्या दिसू लागत, हात सुजे, खांदा आखडे. मात्र कापलेल्या जागी रोग पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण खूपच घटले, आणि तेवढा पुरावा जगाला पुरेसा वाटला. ती स्त्री पुढे अधिक वर्षे जगली काय, हा निराळा प्रश्न होता. पाऊणशे वर्षे तो कोणी नेटाने विचारला नाही.

हॉलस्टेड निर्दय नव्हता, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. ऊतींना अत्यंत हळुवारपणे हाताळणारा, रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणारा शल्यविशारद म्हणून त्याची ख्याती होती. दुष्टाने केलेल्या अपायाचा निवाडा सोपा असतो. येथे सद्हेतू होता, कौशल्य होते, परिश्रम होते. नव्हती ती फक्त तुलना. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात लहान शस्त्रक्रिया आणि रेडियम यांचा मेळ घालून पाहिला आणि त्यांना बरे परिणाम आढळले, तरीही बहुतेकांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला. गुरूने शिकवलेले शिष्याने, आणि त्याच्या शिष्याने, पुढे चालवले. (परंपरेचा हा गुण आम्हा धर्मगुरूंना अपरिचित नाही.)

याहूनही मन अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत अशी रीत होती की, गाठ आढळलेल्या स्त्रीला भूल देत, गाठीचा तुकडा तपासत, आणि कर्करोग निघाला तर ती भुलीत असतानाच स्तन काढून टाकत. टेबलावर जाताना आपण कोणत्या अवस्थेत शुद्धीवर येणार हे तिला माहीत नसे. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने १९७४ मध्ये, आधी केवळ तपासणी करा, पुढचे मी शुद्धीवर आल्यावर ठरवीन, असा आग्रह धरला, तेव्हा एकामागून एक शल्यविशारदांनी तिला नकार दिला. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेत तपासणी आणि शस्त्रक्रिया या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात असे ठरले. त्या मंडळात कुशनरही होती.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली जे आरंभले, त्याला आजही पुष्कळ सज्जन माणसे बिचकतात. कोणत्या स्त्रीला हॉलस्टेडची मोठी शस्त्रक्रिया, कोणाला त्याहून लहान आणि कोणाला लहान शस्त्रक्रियेसोबत किरणोपचार, हे त्यांनी डॉक्टरच्या मर्जीवर सोपवले नाही. ते जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले. एकंदर १,६६५ स्त्रिया या चाचणीत होत्या. पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा की, मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नव्हते. इटलीत मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर अशीच तुलना केली. स्तनाचा केवळ बाधित भाग काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया मोठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांइकतीच वर्षे जगल्या.

माणसाचा देह चिठ्ठीवर सोपवावा काय? पहिल्या क्षणी अंतःकरण नाही म्हणते. परंतु ज्यूदासची जागा भरताना प्रेषितांनी दोन लायक माणसे पुढे केली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या, हे वाचकांना स्मरत असेल. लायकी न पाहता त्यांनी चिठ्ठी टाकली नव्हती. दोन उपचारांपैकी कोणता श्रेष्ठ हे प्रामाणिकपणे माहीत नसेल, तरच चिठ्ठी नीतीला धरून ठरते. एक उपचार हीन आहे हे डॉक्टरला माहीत असेल, तर तीच चिठ्ठी पाप होईल. दुसरी अट संमतीची. पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादांविषयी भाषण करताना स्पष्ट केले होते की, रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे वैद्याला रुग्णावर कोणताही अधिकार नाही.

या कसोटीवर मला तरी हॉलस्टेडच्या पठडीतले शल्यविशारदच अधिक दोषास पात्र वाटतात. तेही प्रयोगच करीत होते. फरक इतकाच की त्या प्रयोगाची नोंद नव्हती, तुलना नव्हती आणि रुग्णाला तो प्रयोग आहे हे ठाऊक नव्हते.

तरीही चिठ्ठीची किंमत कोणी तरी मोजली आहे, हे झाकता येणार नाही. फिशर यांच्या १९७६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या चाचणीत काही स्त्रियांची फक्त गाठ काढली, किरणोपचार दिले नाहीत. वीस वर्षांत त्यांच्यापैकी ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला. किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. जगण्याच्या वर्षांत फरक पडला नाही हे खरे, पण दुसऱ्यांदा गाठ हाताला लागणे म्हणजे काय, ते त्या बायकांनाच माहीत. आज परळच्या टाटा रुग्णालयात एखाद्या वसईकर भगिनीला स्तन वाचवून उपचार मिळतात, त्यामागे त्या अनोळखी स्त्रियांचे दान आहे.

या चाचणीच्या कथेत एक काळे पान आहे. माँट्रियालच्या एका शल्यविशारदाने आपल्या काही रुग्णांच्या नोंदी बदलून, नियमात न बसणाऱ्या स्त्रियांना चाचणीत घुसवले. रुग्णांच्या हितासाठीच आपण तसे केले, अशी त्याची भूमिका होती. हे १९९० मध्ये ध्यानात आले आणि १९९४ मध्ये वर्तमानपत्रांतून जगाला कळले. त्याचे रुग्ण वगळून पुन्हा हिशेब केला, निष्कर्ष तोच राहिला. पण मधल्या काळात, स्तन वाचवण्याचा निर्णय घेतलेल्या हजारो स्त्रियांना, आपण खोट्या आकड्यांवर तर विसंबलो नाही ना, या भीतीत राहावे लागले. समोरच्या रुग्णावरील दयेपोटी बोललेले हे असत्य होते. त्याचा भार मात्र त्याने कधी न पाहिलेल्या रुग्णांवर पडला.

आता एक निराळाच युक्तिवाद ऐकू येतो. इतकी वर्षे सर्जन चुकले, मग आमच्या काढ्याने, आहाराने, अमक्या गावच्या वैद्याच्या पुडीने काय बिघडते? या प्रश्नाची टर उडवू नये. त्यामागे शस्त्राची भीती असते, खर्चाची धास्ती असते, आणि दवाखान्यात कोणी दोन शब्द धड न बोलल्याचा सलही असतो. पण सर्जनांची चूक कोणी दाखवली? मोजमाप करणाऱ्या सर्जनांनीच. पुडी देणाऱ्यानेही त्याच मापाखाली यावे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेतला कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ रुग्णांची प्रचलित उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी तुलना केली. पर्यायी मार्ग धरलेल्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. येथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, लोकांनी आपापल्या इच्छेने निवड केली होती, म्हणून हे आकडे काहीसे जपून वाचावेत. तरीही अंतर इतके मोठे आहे की दुर्लक्ष करणे धाडसाचे ठरेल.

सर्जनांचे मोजमाप आपल्याकडेही चालू आहे. निदानाच्या वेळीच रोग शरीरभर पसरलेला असेल तर स्तनावर शस्त्रक्रिया करून उपयोग होतो काय, हे टाटा रुग्णालयाने ३५० स्त्रियांत चिठ्ठीच्याच पद्धतीने तपासले. २०१५ साली उत्तर आले: आयुष्य वाढत नाही. ‘डॉक्टर, काढून तरी टाका’ असे कळवळून म्हणणाऱ्या कुटुंबाला हे सांगणे फार जड जाते. त्याच रुग्णालयाने २०२३ साली असेही दाखवले की, शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती बधिरतेचे स्वस्त औषध टोचल्यास पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर जाते.

अशा प्रत्येक चाचणीच्या आरंभी संमतीचा एक कागद असतो. आपल्या घरांतून मात्र अजूनही आईला रोगाचे नाव सांगत नाहीत. कागद मुलगा वाचतो, जावई डॉक्टरांशी बोलतो, आणि ती बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली असते. मग आत बोलावून सही कोठे करायची तेवढे तिला बोटाने दाखवतात.