सावकाश होऊ द्या

२०१८च्या सुमारास मराठी घरांत दोन पक्ष पडले होते. एक दीक्षितांचा, दुसरा दिवेकरांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि मध्ये काही खाऊ नका. या विचाराचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांकडे जातं, हेही ते सांगत. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या, दर दोनएक तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आजी जे खात आली ते खा. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर लोक एकमेकांना विचारत, "तुमचं काय, दीक्षित की दिवेकर?" कधी खायचं आणि काय खायचं यावर तेव्हा तोंडाची भरपूर वाफ दवडली गेली. कसं खायचं, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. दिवेकरांच्या सांगण्यात तो होताही, पण त्यावर पक्ष पाडता येत नव्हते. सावकाश, चावून, लक्ष देऊन जेवावं याला विरोध कोणाचाच नव्हता, आणि तसं जेवतही कोणी नव्हतं.

घास पोटात गेल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो. जठर ताणलं गेल्याची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून त्यातल्या त्यात लवकर पोचते. पण अन्न आतड्यात उतरल्यावर सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय अशी जी संप्रेरकं स्रवतात, त्यांचा अंमल चढायला पंधरा-वीस मिनिटं जावी लागतात. (वजन उतरवणारी जी महागडी इंजेक्शनं सध्या चर्चेत आहेत, ती यातल्याच जीएलपी-१ची नक्कल करतात.) अथेन्सच्या संशोधकांनी २०१० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १७ निरोगी पुरुषांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला लावलं. आइस्क्रीम तेच, माणसं तीच. अर्ध्या तासात खाल्लं तेव्हा यातल्या जीएलपी-१ आणि पीवायवाय या दोन संप्रेरकांची रक्तातली पातळी जास्त चढली. दहा मिनिटांत ताट संपवून उठणाऱ्याला "पुरे" हा निरोप मिळतो तेव्हा त्याच्या हातात आइस्क्रीमची वाटी आलेली असते.

मला मात्र या संप्रेरकांपेक्षा स्मृतीचा भाग जास्त विलक्षण वाटतो. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन माणसांवर एक निरीक्षण केलं. मेंदूला इजा झाल्यामुळे या दोघांना नुकतंच घडलेलं काही आठवत नसे. त्यांना दुपारचं जेवण दिलं. ते जेवले, ताट उचललं. दहा ते तीस मिनिटांनी तसंच दुसरं जेवण समोर ठेवलं, तेही त्यांनी खाल्लं. तिसऱ्यांदा ठेवलं तरी बहुतेक वेळा त्यांनी हात घातला. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याची आठवण नव्हती. म्हणजे आपण थांबतो ते केवळ पोट सांगतं म्हणून थांबत नाही. "मी आत्ताच जेवलो" हे ठाऊक असतं, म्हणूनही थांबतो.

ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांच्यातही हाच धागा सापडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या सुझान हिग्ज यांच्या प्रयोगांत, दुपारी काय जेवलात ते आठवा असं सांगितलेल्यांनी नंतर बिस्किटं कमी खाल्ली. जेवताना टीव्ही बघितलेल्यांनी नंतर जास्त खाल्लं. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ साली घेतला गेला. त्यात लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी थोडं जास्त खातो, पण त्यापुढच्या खाण्याच्या वेळी त्याहून जास्त खातो, असं दिसलं. मालिका बघत जेवताना आपण तात्पुरते का होईना, रोझिनच्या त्या दोघांच्या पंक्तीला बसतो. रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा कोण उघडतं, हे त्यातून कळतं.

या क्षेत्रातलं सगळंच खरं मानू नये, हेही इथेच सांगायला हवं. खालून गुपचूप भरत राहणाऱ्या सूपच्या वाडग्याचा प्रयोग करून ब्रायन वॉन्सिंक हे कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक जगभर गाजले. लहान ताट घ्या, कमी खाल, हे वाक्य त्यांच्यामुळे घरोघर पोचलं. पुढे त्यांच्या आकडेवारीत इतके घोळ निघाले की अनेक निबंध मागे घ्यावे लागले, आणि २०१८ साली विद्यापीठाने संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवल्यावर त्यांनी राजीनामा दिला. लक्ष देऊन जेवल्याने अधाशीपणे किंवा मन उदास म्हणून खाण्याची सवय सुटायला मदत होते, याला बऱ्यापैकी आधार आहे. त्याने वजन झरझर उतरतं, याला तितका नाही. विकणारे नेमकं वजनाचंच आधी सांगतात.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कसं जेवावं याची यादीच आहे: गरम, स्निग्ध, बेताचं, आधीचं पचल्यावर, फार भरभर नाही, फार रेंगाळतही नाही, बोलणं-हसणं सोडून, मन अन्नात ठेवून आणि स्वतःची प्रकृती ओळखून. पुढच्याच अध्यायात पोटाचे तीन वाटे केले आहेत. एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वात-पित्त-कफांच्या हालचालीला मोकळा. यातलं "फार रेंगाळतही नाही" हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. फार हळू जेवणाऱ्याची तृप्ती होत नाही, तो उलट जास्त खातो आणि अन्न निवून जातं, असं चरक बजावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या गृहस्थांनी घास तोंडात पाणी होईपर्यंत चावत राहण्याचं वेड पसरवलं होतं आणि भले भले लोक त्यापायी जबडे दुखवून घेत होते. चरक त्यांना उपयोगी पडले असते. "बोलणं-हसणं सोडून" हे मात्र मला पटत नाही. कित्येक घरांत जेवताना शांतता असे, ती वडील पानावर बसलेत म्हणून. त्या शांततेत मुलांचं लक्ष आमटीकडे नसे, वडिलांच्या भुवयांकडे असे.

मग अन्नाकडे लक्ष आणायचं कुठून? नवे मार्गदर्शक म्हणतात, मनाला वळण लावा. १९७९ साली जॉन कबट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग काढला. त्यातला पहिला धडा म्हणजे एक बेदाणा हातात घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग कुठे चावायचा. (तासगावच्या सौद्यात बेदाणा पारखणारा व्यापारी रोज हेच करतो. त्याला याचे पैसे मिळतात, वर्गातल्यांना भरावे लागतात.) धडा चांगला आहे. पण बेदाण्याचा धडा गिरवणारा माणूस त्या वेळी खुर्चीवर बसलेला असतो, त्याला कुठे जायचं नसतं आणि कोणी हाक मारत नसतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवरही तेच. सत्यनारायण गोएंका यांच्या या केंद्रात १९७६पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. सकाळी साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, जुन्यांना फक्त लिंबूपाणी. मोबाईल जमा केलेला, मौन पाळायचं, स्वयंपाक दुसऱ्यांनी केलेला. तिथे साध्या वरणभाताची चव कळली असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घरी परतल्यावर आठवड्याभरात ती चव गेली असंही तेच सांगतात. त्यांची साधना कच्ची होती असं मला वाटत नाही. इगतपुरीत त्यांच्याभोवती एक व्यवस्था होती, ती घरी नव्हती, एवढंच.

आपल्या पंगतीत ही व्यवस्था होती. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. डावीकडचं सगळं चिमूटभर, बोटभर. जेवण सुरू करण्याआधी श्लोक, कुठे चित्राहुती, कुठे नुसताच नमस्कार, म्हणजे पहिल्या घासाआधी सक्तीचा विसावा. वाढपी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येईपर्यंत हात थांबलेला. शेवटी मठ्ठा किंवा ताकभात, म्हणजे जेवण संपल्याची खूण. त्यात यजमान हात जोडून सांगायचे, "सावकाश होऊ द्या." कोणाला मन एकाग्र करायचं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं आपोआप जात होती.

पण पंगतीच्या आठवणीने गहिवरून येण्याचंही कारण नाही. त्याच पंगतीत "आणखी एक, माझ्यासाठी" असा आग्रह होता. पोट नको म्हणतंय हे ऐकू येऊ नये म्हणूनच जणू तो योजलेला. जिलब्या किती रिचवल्या याच्या पैजा होत्या. जातीप्रमाणे पंक्ती वेगळ्या होत्या, आणि उरलंसुरलं मिळेल म्हणून बाहेर थांबलेल्यांना कोणी सावकाश होऊ द्या म्हणत नव्हतं. पानात टाकायचं नाही हा नियम तर आजही भरल्या पोटी आपल्याला चार घास जास्त खायला लावतो. तो नियम मात्र मी सहज मोडीत काढणार नाही. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी गिळल्या, त्यांनी तो मुलांना शिकवला. त्यांच्यासमोर ताटात अर्धी भाकरी ठेवून उठणं शोभत नाही. त्यावर उपाय एकच, आधीच कमी वाढून घ्यायचं आणि लागलं तर परत मागायचं.

लक्ष देऊन जेवायचं तर बसायला जागा, वेळ आणि शेजारी माणूस लागतो, हे मान्य केलं की मग हा वेळ कोणाकडे आहे, हे विचारावं लागतं. १९४८च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी दिली. त्यात हात धुणं, रांग, डबा गरम करणं आलं. १९६६च्या आसपास दादर स्टेशनबाहेर वडापाव विकला जाऊ लागला, तो बसून खाण्याचा पदार्थच नव्हता. लोकल पकडणाऱ्या माणसाच्या हातात मावेल असं ते जेवण होतं, आणि त्या माणसाला "प्रत्येक घास चावून खा" हे सांगणं म्हणजे त्याची थट्टा करणं. दारात पार्सल पोचवणारी मुलं दुसऱ्यांची बिर्याणी पाठीवर घेऊन स्वतः दुपारी तीनला टपरीवर पाव खातात. त्यांनी मन एकाग्र करावं की त्यांना दुपारी अर्धा तास मिळावा?

आजाराचा दोष खाणाऱ्याच्या सवयीवर टाकण्याचंही तसंच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सगळे भराभर जेवतात म्हणून आजारी पडले, असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपल्याकडची बाळं वजनाने कमी भरतात, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. म्हणजे गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते, आणि ती आई कशी जेवली इथवर मागे जाते.

ती आई कशी जेवते, हे बघायला फार लांब जायला नको. चरकांनी गरम जेवा म्हटलं. ते घराने तंतोतंत पाळलं. तव्यावरची पोळी थेट नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात गेली, आणि करणारी ओट्याशी उभी राहिली. सगळे उठल्यावर ती बसते. उरलेली भाजी, निवलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, आणि तेही अर्धं लक्ष दूध उतू जाईल का याकडे ठेवून. शहरात तिला परत नोकरी गाठायची असते, म्हणून ती उभ्यानेच चार घास तोंडात टाकते. सजग आहाराची पुस्तकं मुख्यतः तिलाच विकली जातात, आणि त्यात तिला शांत बसून जेवायला सांगितलेलं असतं. बाकीचे बसलेले असताना तिने कुठे बसायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून एवढंच करून बघा. मोबाईल वगैरे नंतर. पोळ्या आधी करून डब्यात ठेवा, त्या तेवढ्या वेळात निवत नाहीत. भांडी मध्ये आणा, प्रत्येकाने आपलं वाढून घ्या, आणि सगळी माणसं बसल्याशिवाय कोणीही पहिला घास घेऊ नका. गरम पोळीचा हट्ट घरात ज्याचा असेल, त्याने उठून ती भाजावी.