भिंतीपलीकडची बाग

चीनमधल्या सुझोऊ या जुन्या शहरात, निवृत्त सरकारी अधिकारी वांग शियानचेन याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेली बाग आजही आहे. तळी, पूल, दगड रचून केलेले डोंगर, पाण्याकाठचे मंडप, सगळं उंच भिंतींच्या आत. तिथे एका जागी पाय थांबतातच. लांबट तळ्याच्या पलीकडे झाडांच्या शेंड्यांवर एक मनोरा दिसतो. तो बागेतलाच वाटतो, पण असतो दीडेक किलोमीटरवर, शहरातल्या एका बौद्ध मंदिराचा, ७६ मीटर उंच. मालकाला तो बांधावा लागला नाही. नजर त्याच्याकडे जाईल एवढी मोकळी वाट राखली, की झालं. सतराव्या शतकात बागरचनेवर ग्रंथ लिहिणाऱ्या जी चंगने बाहेरचं असं काही बागेत सामावून घेण्यालाच सर्वांत जास्त महत्त्व दिलं आहे.

मला मात्र त्या मालकाच्या कौशल्याइतकंच शहराचंही कौतुक वाटतं. मधे एखादी उंच इमारत आली असती तर मनोरा केव्हाच दिसेनासा झाला असता. भिंत एकट्याला बांधता येते. भिंतीपलीकडचं दृश्य साऱ्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं. सुझोऊच्या जुन्या भागात इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. तिथल्या नऊ बागा जागतिक वारशात आहेत, चार १९९७ पासून आणि पाच २००० पासून.

त्यांतली त्सांगलांग मंडपाची बाग मला सर्वांत जवळची वाटते. अकराव्या शतकात नोकरीवरून काढलेल्या सू शुनचिन या कवीने ही जागा चाळीस हजार नाण्यांना घेतली. इथे दर्शनी बाजूला उंच भिंतीचा आडोसा नाही, थेट कालव्याचं पाणी आहे. काठाने जाणाऱ्या कुणालाही आत न जाता बाग दिसते. छोटा पूल ओलांडला की आपण आत.

पाण्याचा काठ सगळ्यांचा असतो, हे पनवेलकरांना वेगळं समजावून सांगायला नको. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे ही आपल्या तलावांची नावं घेतली तरी जुनं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं. हे तलाव कुणा एका धनिकाच्या वाड्यातले नाहीत. वडाळे तलावाच्या काठी बल्लाळेश्वराचं देऊळ आहे. सकाळी तिथे घटकाभर उभं राहावं. दर्शनाला आलेली माणसं, फेऱ्या मारणारे आजी-आजोबा, आणि पाण्यावरच्या पानांवरून चालणारा एखादा कमळपक्षी. त्याच्या पायाची बोटं इतकी लांब की अंगाचं वजन पसरतं आणि पान बुडत नाही. शाळेच्या वाटेवरचं पोर तेवढ्यासाठी थबकतं, आईने हात ओढला तरी मान वळवून बघत राहतं.

आणि डोंगर? दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेला प्रबळगड, त्याला लागून कलावंतीण. श्रावणात ऊन पडलं की उंच गच्चीवरून हे सगळे स्वच्छ दिसतात. सुझोऊच्या लोकांनी दगडावर दगड रचून डोंगर केले. आपल्याला ते आयते मिळाले. आता टॉवरांमागे टॉवर उठत आहेत आणि एकेका गल्लीतून एकेक डोंगर नाहीसा होतो आहे. ज्याच्या खिडकीतून तो गेला, त्याला कुणी विचारलं नाही. मला हे नुकसान खरं वाटतं, घरातली वस्तू जावी तितकं खरं.

इथल्या नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. २०२५ च्या डिसेंबरात तिथून विमानं उडू लागली. विमानतळाच्या आसपास इमारत किती उंच न्यायची याला आता मर्यादा आहे, कारण विमानाची वाट मोकळी राहायला हवी. म्हणजे आकाशातली एक वाट अडवायची नाही असं ठरवता येतं, ते पाळताही येतं. तसंच नजरेच्या वाटेचंही ठरवता येईल. तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा करताना दिवे, बाकं, पदपथ यांच्या जागा ठरतातच. त्याच नकाशावर कुठल्या काठावरून, कुठल्या पुलावरून, कुठल्या चौकातून कुठला डोंगर अजून दिसतो याच्याही खुणा कराव्यात आणि तेवढ्या रेषेत उंच काही उठू देऊ नये. पावसाळा सरल्यावर चार जणांनी गावभर फिरून पाहिलं तर अशा बऱ्याच जागा अजून सापडतील.