जाब कुणी द्यायचा?

पाचवीतलं पोर दुसरीचं पुस्तक वाचताना अडखळतं, यात दोष कुणाचा? पारावर हा विषय निघाला की निकाल लगेच लागतो. मास्तरचा! पगार घेतो ना?

मला असा झटपट निकाल देता येत नाही. आमच्याकडं बांधाच्या अलीकडं काळी कसदार जमीन, पलीकडं मुरमाड. काळीत एकरी दहा क्विंटल सोयाबीन आलं अन् मुरमाडात चार, तर चारसाठी सालगड्याला शिव्या घालायच्या का? गेल्या साली तिथं दोनच झालं होतं, हे आधी बघावं लागतं. शाळेचं मोजमाप असंच व्हावं. पोर आलं तेव्हा कुठं होतं अन् वर्षानं कुठं पोचलं, एवढंच. नुसते टक्के धरले तर मास्तर कच्च्या पोराला मागं बसवणार, नाहीतर कागदावर पास करणार. मात्र मुरमाड आहे म्हणून पेरलंच नाही, तर त्याला माफी नाही.

आमच्या भागातली निम्मी पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापासंगं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तेवढ्या महिन्यांचा जाब मास्तर कसा देणार? तो बापालाही द्यावा लागेल, अन् बापाला गावात काम न देणाऱ्या सरकारलाही.

वर हिशेब जातो तो वेगळाच. 2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. पटावरची कितीतरी नावं खोटी निघाली. बरं झालं, चोरी उघडी पडली. पण तेव्हा डोकी मोजली, डोक्यात काय आहे ते नाही. आता तर माहिती भरण्यातच मास्तरचा जीव जातो. खिचडीचा तांदूळ मोजा, फोटो पाठवा, मतदार यादी करा. माहिती वेळेत गेली की वरचे खूश. पोराला वाचता येईना, म्हणून कुणाला नोटीस आलेली मी तरी ऐकली नाही.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी सांगितलं होतं की वर्षातून एकदा साहेब येऊन भागत नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, अन् मधेमधे न कळवताही यावं. आमच्याकडं साहेब येणार हे आठ दिवस आधी कळतं, मग भिंती रंगतात.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवलेत, निम्म्या बाया. म्हणजे विचारायचा हक्क गावाच्या हातात दिलाय. पण रोजानं खुरपायला जाणारी बाई बैठकीला आली तर तिचा दिवस बुडतो. मग रजिस्टर घरी येतं अन् सही होते. तिला वाचता येत नसलं तरी पोराला पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणता येतं. तेवढी तपासणी पुष्कळ झाली.

आता वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायच्या गोष्टी चालल्यात. आमच्या वस्तीच्या शाळेचा पट चौदा. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. शेजारगावची शाळा तीन किलोमीटरवर, मधे ओढा. गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बैलगाडीसुद्धा अलीकडंच थांबते. त्या दिवसांत या चौदा पोरांची हजेरी कोण लावणार, हे समितीच्या पुढच्या बैठकीत विचारायचं ठरलंय. बैठक रविवारी ठेवा म्हणून सांगितलंय. त्या दिवशी आमच्याकडं बाजार असतो, बाया कामाला जात नाहीत.