टाळी आणि मोल



लोकांवर संकट कोसळले असता मते मागणाऱ्याने कसे वागावे? निवडणूक आली की हा प्रश्न पारावर निघतोच. आज दृष्टांत मुद्दाम दूरचा घेतो, म्हणजे आपला पक्ष, परका पक्ष हा भेद मनात येणार नाही.

सन २००८. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ऐन रंगात आली होती. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी पेढी बुडाली आणि घरांच्या कर्जापायी आधीच पोळलेले लोक आणखी धास्तावले. २४ तारखेला उमेदवार जॉन मॅकेन यांनी जाहीर केले, की मी प्रचार थांबवून राजधानीत जातो, ठरलेली वादसभाही पुढे ढकला. प्रतिस्पर्धी बराक ओबामा म्हणाले, राष्ट्राध्यक्षाला एका वेळी अनेक कामे करावीच लागतात. वादसभा २६ तारखेला झालीच आणि मॅकेनही आले. पुढे १ ऑक्टोबरला बँका सावरण्याच्या ७०० अब्ज डॉलरच्या विधेयकावर सिनेटमध्ये मतदान झाले, तेव्हा दोघांनीही बाजूनेच मत दिले.

मग प्रचार थांबवणे हा त्याग की देखावा? कुणाच्या अंतःकरणातले पांडुरंग जाणे. पण त्याच मॅकेन यांची दुसरी गोष्ट ऐका. १० ऑक्टोबरला मिनेसोटातील सभेत त्यांच्याच समर्थक ओबामांविषयी नाही नाही ते बोलू लागले. एका बाईच्या हातचा माईक त्यांनी काढून घेतला आणि सांगितले, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, आमचे फक्त मतभेद आहेत. त्या सभेत त्यांना आपल्याच माणसांची हुर्यो ऐकावी लागली.

पहिल्या कृत्यात टाळी मिळण्याची आशा होती. दुसऱ्यात हातची टाळी गेली. त्यागाची खूण ही, की पदरचे काय गेले?

तुकोबारायांचे चरित्र हेच सांगते. दुष्काळात घर धुपले, तरी कर्जखतांतला धाकट्या भावाचा वाटा भावाला देऊन त्यांनी आपला वाटा तेवढा इंद्रायणीत सोडला. दुसऱ्याचे बुडवून दाता होता येत नाही.

हे आख्यान मी १९७२च्या दुष्काळात एका गावी लावले होते. मंडळी दिवसा खडी फोडून रात्री कीर्तनाला बसलेली. खतांचा प्रसंग आला आणि सारी सभा रडली. सकाळी त्यांनी वर्गणीची बिदागी पुढे केली. कीर्तनाचे मोल घेऊ नये, हे मला ठाऊक होते. तरी मी घेतली. ते पैसे खडीच्या मजुरीतले होते.

म्हणून कोणाला ढोंगी म्हणताना माझी जीभ अडखळते. मत देताना उमेदवाराच्या पदरचे काय गेले ते जरूर पाहा. पण टाळी आपणच देतो, माउली. ती कशाला देतो, हेही पाहा.

रामकृष्ण हरी.